ज्याचा त्याचा खण

शेवटच्या चार दिवसांत अण्णांचं बोलणं थांबलं होतं, पण डावा अंगठा थांबला नव्हता. पांघरुणावर डावा हात अर्धवट मिटलेला, तळव्यात काहीतरी धरल्यासारखा, आणि अंगठा आत दाबलेला. मधूनच तो किंचित मागे सरकायचा आणि पुन्हा दाबला जायचा. रात्रपाळीच्या सिस्टरनी मला विचारलंसुद्धा, "बाबांना हात दुखतोय का हो?" मी नाही म्हटलं. ते ओळ भरतायत हे त्यांना कसं सांगणार होते?

माझे वडील छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाच्या तुकड्यांवरची एकेक अक्षरं, जुळवायचे. पुस्तकी मराठीत त्याला ‘जुळारी’ म्हणतात, छापखान्यात सगळे ‘कंपोझिटर’च म्हणत. डाव्या हातात लोखंडी स्टिक, म्हणजे ओळ उभी करायचा छोटा साचा, धरायची, उजव्या हाताने समोरच्या केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक अक्षराचा खिळा उचलायचा आणि स्टिकमध्ये उभा करायचा. बघणाऱ्याचं लक्ष जातं ते उजव्या हाताकडे, कारण तो सारखा पळत असतो. ओळ सांभाळतो मात्र डावा अंगठा. शेवटच्या खिळ्याला तो टेकलेला नसला की सगळी ओळ कोलमडलीच. अण्णांनी तेहतीस वर्षं तो अंगठा टेकवून ठेवला. त्याच्या आतल्या बाजूला घट्टा पडला होता. लहानपणी मला ताप आला की कपाळावरून फिरणारा तो खरखरीत घट्टा मला अजून आठवतो. थर्मामीटर लावायच्या आधीच त्यांना ताप किती ते कळायचं.

अण्णांचा जन्म 1947 चा. नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत घर होतं. आजोबा एका किराणा दुकानात हिशेब लिहायचे. 12 जुलै 1961 ला सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचं धरणही गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी धरणावर वाळूची पोती रचून ते सकाळपर्यंत धरून ठेवलं, नाहीतर पुणं झोपेतच वाहून गेलं असतं, हे अण्णा दर 12 जुलैला सांगत. सांगताना आवाज खाली येई. घरातली माणसं वाचली. वाडा गेला, आजोबा हिशेब लिहायचे ते दुकान गेलं आणि अण्णांची शाळाही तिथेच संपली. नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत घर मिळालं, माझा जन्म तिथलाच.

पूर ओसरल्यावर पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकांना पोरं हवी होती. केसी पाण्यात उलट्यापालट्या झालेल्या, हजारो खिळे गुडघाभर गाळात मिसळलेले. चौदा वर्षांच्या अण्णांची पहिली कमाई म्हणजे तो गाळ उपसून खिळे वेचणं. घमेल्यात गाळ घ्यायचा, पाण्यात खळबळायचा, वर येईल तो कचरा टाकायचा, तळाशी राहतील ते शिशाचे खिळे गोणपाटावर वाळत घालायचे. एवढं झालं की खरं काम. एकेक खिळा उचलून तो कुठलं अक्षर आहे हे ओळखायचं आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं.

आणि ओळखायचं तरी कसं? खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. जुळवताना खिळ्याच्या अंगावरची खाच वरच्या बाजूला ठेवतात, त्यामुळे ओळ डावीकडून उजवीकडेच वाचता येते, पण प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं असतं. शिरोरेषा खाली आणि अक्षराचं पोट वर. अण्णा सांगत, "विहिरीच्या काठावर कुणी पुस्तक धरलंय आणि आपण पाण्यात बघून वाचतोय, असं समज." पुराच्या गाळातून ते असं दुसऱ्यांदा अक्षरओळख शिकले. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ यांच्यातला केसाएवढा फरक त्यांना बोटाच्या टोकाने समजायला लागला. तीन महिन्यांत सगळा टाइप जागेवर आला, तेव्हा बाकीची पोरं पैसे घेऊन गेली. अण्णांना मालकांनी ठेवून घेतलं.

मराठीच्या केसचं ओझं इंग्रजीवाल्यांना कळायचं नाही, असं अण्णा म्हणायचे. इंग्रजीला दोन केसी पुरत, एक मोठ्या अक्षरांची आणि एक लहान. आपल्याला चार लागायच्या. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं, सगळ्यांना वेगळा खण. ‘क्ष’ला वेगळा, ‘ज्ञ’ला वेगळा, ‘द्ध’ला वेगळा. कुठल्याही खणावर अक्षराची चिठ्ठी नसे. खण हाताला पाठ व्हावे लागत, जसं पेटीवाल्याला सूर पाठ असतात. टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली होती, ते अण्णा मोठ्या आदराने सांगत. टिळकांचं बाकीचं मोठेपण लोकांना माहीत आहेच, पण एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या खणांचा विचार केला, याचं त्यांना फार होतं.

त्यांचं दुसरं दैवत म्हणजे जावजी दादाजी. लहान वयात मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेला मुलगा, आणि पुढे 1869 मध्ये त्याने मुंबईत निर्णयसागर छापखाना उभा केला. निर्णयसागरचं एखादं जुनं संस्कृत पुस्तक हातात आलं की अण्णा आधी मजकूर वाचत नसत. पान उजेडाकडे तिरकं धरत आणि अक्षरांचं वळण बघत बसत. "टाइप घासणाऱ्याने काढलेला टाइप आहे हा," एवढंच म्हणत. गाळातून टाइप धुणारा मुलगा त्यांच्या आत कुठेतरी सुखावत असणार.

ते कामाला लागल्यावर वर्षभरातच एक गंमत झाली. गंमत आपल्यासाठी, त्यांच्यासाठी तो मोठा बदल होता. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारने 1962 साली मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लिहायचे बंद झाले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘कांहीं’चं ‘काही’. शाळेतल्या मुलांना सोपं झालं, पण छापखान्यातल्या जुन्या माणसांची बोटं ऐकेनात. त्यांच्या फोरमनमामांचा हात ‘केलें’ म्हणताच आपोआप अनुस्वाराकडे जायचा. प्रुफं भरून यायची. अण्णा नवे, त्यांच्या बोटांना जुनी सवय लागायची होती. म्हणून मग संध्याकाळी सगळे गेल्यावर हा पंधरा वर्षांचा मुलगा मामांच्या पानातले नको असलेले अनुस्वार चिमट्याने उचलायचा, मोकळी झालेली जागा भरायचा आणि ओळ पुन्हा कसून ठेवायचा. मामांना त्यांनी हे कधी कळू दिलं नाही. मामांना ते कळलं होतं, हे अण्णांना फार वर्षांनी समजलं. मामांनी जाताना आपली स्टिक अण्णांना दिली. तीच अखेरपर्यंत त्यांच्याकडे होती.

मला आठवणारे अण्णा म्हणजे गणपती ते दिवाळीचे अण्णा, म्हणजे जवळजवळ नसलेलेच. दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे एका वेळी छापायची पानं, त्यातच तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नपत्रिकांची आगाऊ कामं. रात्री अकराला सायकल दाराशी टेकल्याचा आवाज येई. घरात आल्यावर ते आम्हाला हात लावत नसत. आधी मोरीत जाऊन रॉकेलचा वास जाईपर्यंत हात धुवायचे. साबण, मग चिंच, मग पुन्हा साबण. खिळ्यात शिसं असतं आणि शिसं पोटात जाता कामा नये, हे त्यांना पहिल्याच वर्षी कुणीतरी बजावलं होतं. आई गुळाचा खडा वाटीत काढून ठेवायची. गुळाने शिसं उतरतं असा छापखान्यात समज होता. त्याने काही उतरत होतं की नाही, देव जाणे. पण हात धुऊन, गूळ तोंडात टाकून ते आमच्या अंथरुणाशी येऊन बसत, ते मी झोपेचं सोंग घेऊन बघत असे. दिवसभर उभं राहून त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या असत. आई तेल चोळायची आणि ते बसल्या बसल्या झोपून जायचे.

त्यांच्या कामातला मला सगळ्यात न कळलेला भाग होता सोडण्याचा. पान जुळवलं, कसून बांधलं, छापून झालं. आता पुस्तक तयार, लोक वाचतील, लेखकाचा सत्कार होईल. आणि इकडे छापखान्यात ते पान रॉकेलने धुऊन, ओळ ओळ हातात घेऊन, एकेक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. जुळवायला जेवढा वेळ, त्याच्या चौथाई वेळ तरी त्यात जायचा. अण्णांचा हात चालताना पाऊस पडल्यासारखा टपटप आवाज यायचा. कुणी त्याकडे बघत नसे. पण एक खिळा चुकीच्या खणात पडला, तर उद्या कुणाच्या तरी पुस्तकात ‘देव’चा ‘देब’ होणार. "जुळवणं सगळ्यांना येतं," अण्णा म्हणायचे, "सोडायला माणूस लागतो."

हेच घरातही होतं आणि ते आम्हाला जाचायचं, हेही सांगायला हवं. कात्री खुंटीवर नसली, खडूच्या डबीत पेन्सिल सापडली, की ते ओरडत नसत, पण गप्प होत. ती गप्प बसण्याची शिक्षा ओरडण्याहून वाईट. दादाने एकदा रागाने विचारलं होतं, "घर आहे का छापखाना?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. दमलेल्या माणसाला घरात तेवढी एकच गोष्ट जागच्या जागी हवी होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी दादाच्या बाजूने होते.

चौथी-पाचवीत असताना मी त्यांनी जुळवलेलं एक पुस्तक शाळेत दाखवायला नेलं. बाईंनी विचारलं, "यात वडिलांचं नाव कुठे आहे?" मी पानं उलटत राहिले. पुस्तकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापायची तेव्हा सक्ती होती, 1867 च्या कायद्यापासून. म्हणजे छापखान्याच्या मालकांचं नाव होतं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं होतं. खिळे जुळवणाऱ्याचं कुठल्याच पुस्तकात नसतं. घरी येऊन मी रडले. अण्णांनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "यात कुठे चूक सापडली, तर ती माझी. शोध." मी सुट्टीभर शोधलं. एकशे साठ पानांत मला दोन सापडल्या. त्यांनी दोन्ही बघितल्या, एक कबूल केली आणि दुसरीला म्हणाले, "ही लेखकाची आहे. मूळ प्रतीत तशीच होती." कुठल्या तरी वर्षी, कुठल्या तरी रात्री जुळवलेली ती ओळ त्यांना आठवत होती.

नव्वदीच्या दशकात ऑफसेट आणि कॉम्प्युटर आले आणि पेठांमधले छापखाने एकामागून एक बंद पडू लागले. आमच्या मालकांनी दोन वर्षं ओढलं, पण 1994 च्या मे महिन्यात टाइप मोडीत काढायचं ठरलं. शिसं किलोवर जातं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी पोती घेऊन येणार होता. मी तेव्हा सतरा वर्षांची. अण्णा जेवायला आले नाहीत म्हणून आईने मला डबा घेऊन पाठवलं.

छापखान्यात एकच दिवा चालू होता. ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या यंत्रावर, कापड टाकलेलं. अण्णा केससमोर उभे होते आणि शेवटच्या लग्नपत्रिकेचा मजकूर सोडत होते. टप. टप. टप. मी म्हटलं, "अण्णा, उद्या हे सगळं पोत्यातच जाणार आहे ना?" ते म्हणाले, "हो." आणि पुढचा खिळा उचलला. मी डबा घेऊन स्टुलावर बसले. ‘आपले नम्र’ सुटलं, ‘आहेर’ सुटलं, वधूचं नाव, वराचं नाव, मुहूर्ताचे आकडे. सगळ्यात शेवटी ‘श्री’. तो त्यांनी थोडा वेळ बोटांत धरला, मग त्याच्या खणात टाकला आणि फडक्याने हात पुसले. डब्यातली भाकरी आम्ही दोघांनी तिथेच बसून खाल्ली. सकाळी भंगारवाल्याने चारही केसी एकाच पोत्यात उपड्या केल्या. तेव्हा अण्णा तिथे थांबले नाहीत.

मालक भला माणूस, म्हणाले काय हवं ते घेऊन जा. अण्णांनी मामांची स्टिक घेतली आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावतील तेवढे चोवीस पॉइंटाचे, म्हणजे मोठ्या आकाराचे, खिळे.

त्यानंतरचे आठ महिने आमच्या घरात फार वाईट गेले. ते छापलेल्या कागदाला हात लावेनात. वर्तमानपत्रसुद्धा आई दुसऱ्या खोलीत ठेवायची. माणूस सत्तेचाळीसाव्या वर्षी अडाणी झाल्यासारखा बसून होता. आईने पापडाच्या ऑर्डरी घेतल्या, दादाने कॉलेज करून हिशेबाचं काम धरलं. मग कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या एका डीटीपी सेंटरवाल्याने मुद्रितं तपासायला बोलावलं. पहिल्या दिवशी ते घरी आले ते थेट आईला म्हणाले, "अगं, ती पोरं मशीनवर भराभर करतात, पण ऱ्हस्व-दीर्घ वाऱ्यावर सोडलंय." आवाजात इतकी उभारी होती की आईने देवापुढे साखर ठेवली. पुढे वीस वर्षं त्यांनी मुद्रितशोधन केलं. बसून करायचं काम म्हणून त्यांना सुरुवातीला अपराधी वाटायचं.

माझी लेक 2006 साली झाली आणि अण्णांचे आबा झाले. मला कधी न मिळालेला त्यांचा वेळ तिला सगळा मिळाला आणि मला त्याचा जराही हेवा वाटला नाही. तिच्यासाठी त्यांनी एक खेळ काढला होता. आरसा टेबलावर आडवा ठेवायचा, त्याच्या कडेला गोष्टीचं पुस्तक उभं धरायचं आणि आरशात बघून वाचायचं. सहा वर्षांची पोर डोक्यावर उभी असलेली अक्षरं घडाघडा वाचायची. वाचताना चुकली की आबा नुसते "खण?" म्हणत. ती परत मागे जाऊन शब्द लावायची. खेळ झाला की आरसा जागेवर, पुस्तक जागेवर. तिला त्याचा जाच कधी वाटला नाही. म्हाताऱ्याने सांगण्याची रीत बदलली होती की काळ बदलला होता, कोण जाणे.

ती बारशाला बारा दिवसांची असताना आबांनी तिचं नाव डब्यातल्या खिळ्यांमध्ये जुळवायला घेतलं. नाव इथे लिहीत नाही, एवढंच सांगते की त्यात अर्धा ण येतो. डब्यात सगळं होतं, अर्धा ण नव्हता. अण्णा दर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन भंगाराच्या ढिगापुढे उकिडवे बसायला लागले. नट-बोल्ट, कुलपं, नळाच्या तोट्या यांच्यातून एका खिळ्याचा शोध. कुठे भंगारात टाइप निघे तो इंग्रजी, कुठे लहान पॉइंटाचा. साडेतीन महिने लागले. मिळाला त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तो रॉकेलने धुतला, फडक्याने पुसला आणि नाव पुरं केलं. भोवती सुती दोरा घट्ट गुंडाळून, जसं पान बांधतात तसं, ते नाव त्यांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. तिने कितीदा मागितलं, पण म्हणायचे, "अजून थांब."

ते गेले 2022 च्या श्रावणात. तेराव्यानंतर मी आणि लेक त्यांचं कपाट आवरायला बसलो. आवरण्यासारखं काही नव्हतंच. चष्म्याच्या जागी चष्मा, पासबुकांच्या जागी पासबुकं, मामांची स्टिक फडक्यात गुंडाळलेली. वरच्या कप्प्यात ते दोऱ्याने बांधलेलं नाव. लेकीने ते हातात घेतलं, स्टॅम्प पॅडवर टेकवलं आणि वहीच्या पानावर दाबलं. नाव उमटलं. खिळा खिळ्याला लागतो तिथे शिरोरेषेत बारीक फट राहते, तशा फटी होत्या. पण सगळी अक्षरं सारखी काळी उमटली होती, जुन्या बाजारातला अर्धा ण सुद्धा. ते मला खटकलं. वेगळ्या टाइपातला खिळा कमी-जास्त उंचीचा असू शकतो, मग तो एकतर जास्त दाबला जातो, नाहीतर फिका उमटतो. एवढं मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं.

मी नाव उलटं करून बघितलं. अर्ध्या णच्या बुडाशी नुसतं शिसं होतं. बाकीच्या प्रत्येक खिळ्याच्या बुडाला कॅलेंडरच्या कागदाचा एकेक तुकडा खळीने चिकटवलेला होता, खिळ्याच्या मापाचा, नखाहून लहान. एकावर लाल आकड्याचा कोपरा दिसत होता, कुठल्या तरी रविवारचा. चारही बाजूंनी ब्लेड कुठेही घसरलेलं नव्हतं.